कुठनं वाजतंय?

सायकलचा आवाज जिथून ऐकू येतो, तिथून तो क्वचितच येत असतो. माझ्या धंद्यातली ही पहिली गोष्ट. गिऱ्हाईक सोडाच, कित्येक कारागीरही ती मानायला तयार नसतात. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस येतो, सायकल स्टँडला लावतो, पायडलच्या मधोमध बोट दाखवतो आणि सांगतो, "मेस्त्री, बीबीत वाजतंय बघा. खोलून टाका." दोन्ही क्रँक ज्या एक्सलवर बसतात तो ज्यात फिरतो ती नळी म्हणजे बीबी. आवाजाचं नाव निघालं की पहिला संशय तिच्यावर. ती खोलली जाते, छर्रे बदलतात, नवं ग्रीस भरतात आणि चौथ्या दिवशी आवाज परत येतो.

असं का होतं, याची कारणं पक्की आहेत. फ्रेमचे पाइप पोकळ असतात आणि त्यातले तीन-चार बीबीपाशी येऊन मिळतात. पोलादातून आवाज हवेतल्यापेक्षा सुमारे 15 पट वेगानं धावतो. त्यामुळे सीटच्या दांडीत झालेली करकर त्याच क्षणी सगळ्या फ्रेमभर पोचलेली असते. दुसरं कारण आपल्या कानांचं आहे. आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे आपण ओळखतो ते तो एका कानाला आधी आणि मोठा, दुसऱ्याला नंतर आणि बारीक ऐकू येतो म्हणून. पण सायकल तर बरोबर दोन पायांच्या मध्ये असते. हँडल, सीट, बीबी, मागचं चाक, सगळं नाकाच्या रेषेत. दोन्ही कानांना आवाज सारखाच पोचतो आणि तो पुढचा की मागचा, वरचा की खालचा, हे ठरवायला कानाजवळ फारसं काही उरत नाही. मग डोकं अंदाज बांधतं: पाय दाबला की वाजतंय, म्हणजे पायाखालीच वाजतंय. पण पाय दाबताना अंग सीटवर सरकतं, हात हँडल ओढतात, मागचं चाक चेनच्या ओढीनं एका बाजूला ताणलं जातं. पायडलच्या एका दाबाबरोबर सगळी सायकल हलते.

करकर होते ती घट्ट बसलेल्या दोन कोरड्या भागांमध्ये. ते आधी एकमेकांना धरून ठेवतात, ताण वाढला की एकदम सुटतात, पुन्हा धरतात. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा नेमकं हेच होतं. हे सरकणं केसाच्या जाडीपेक्षाही कमी असू शकतं. म्हणून हातानं हलवून बघितलं तर काही ढिलं लागत नाही आणि गिऱ्हाईकाला वाटतं, मेस्त्रीला काही सापडत नाही.

तेव्हा मी पान्हा हातात घ्यायच्या आधी आवाज मोजतो. आपल्याकडच्या साध्या काळ्या सायकलला पुढे 44 दाते आणि मागच्या फ्रीला 18, ही जोडी बऱ्याचदा दिसते. 44 ला 18 नं भागलं की येतात जवळपास अडीच. पायडल एकदा पूर्ण फिरलं की चाक अडीच वेळा फिरतं. आता चेन घ्या. तिच्या कड्या 110 च्या आसपास असतात आणि पायडलच्या एका फेऱ्यात 44 कड्या पुढे जातात. म्हणजे चेनचा एक फेरा पुरा व्हायला पायडलचे अडीच फेरे लागतात. या हिशोबावर निम्मं काम होतं. टक आवाज पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा आला तर क्रँक, कॉटर, पायडल किंवा बीबी. फेऱ्यात दोन-तीनदा आला तर चाक: स्पोक, व्हॉल्व्हचा सैल नट, टायरमध्ये रुतलेला खडा, आउट झालेली रिम ब्रेकच्या रबराला लागणं. अडीच फेऱ्यांनी एकदा आला तर चेनची एखादी कडी आखडली आहे. चेन सावकाश उलटी फिरवली की फ्रीवरून सुटताना ती कडी वाकडी उभी राहिलेली दिसते. आणि ठेकाच सापडत नसेल तर छर्रा फुटलेला असण्याची शंका घ्यावी. छऱ्यांची माळ एक्सलच्या साधारण निम्म्या वेगानं फिरते, त्यामुळे फुटका छर्रा पायडलशीही जुळत नाही आणि चाकाशीही. गिअरच्या सायकलला दात्यांची जोडी बदलत राहते, पण तिथं उलट सोय होते. गिअर बदलल्यावर ठेका पायाबरोबर राहिला की चाकाबरोबर गेला, एवढं बघितलं की पुरे.

दुकानात चाक उचलून पायडल फिरवण्यानं बऱ्याचदा काहीच कळत नाही, कारण ओझं नसतं. त्यासाठी मला बावड्यातच उत्तम रस्ता मिळाला आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे रस्ता नदीच्या अंगानं उतरत जातो. उतारावर मी पाय थांबवतो. पाय थांबले तरी आवाज चालू राहिला, तर पायडल, क्रँक, बीबी सगळे एका झटक्यात सुटले; शोध चाक, ब्रेक आणि मडगार्डांपुरता उरला. येताना चढ लागतो. तिथं आधी बसून पायडल मारतो, मग उभा राहून. उभं राहिल्यावर आवाज गेला तर सीट किंवा तिची दांडी. उभं राहिल्यावर वाढला तर हँडल, क्रँक किंवा मागचा एक्सल. मग एकाच पायानं ओढ देतो, आधी उजव्या, मग डाव्या. एवढं झालं की दुकानात आल्यावर खोलायची जागा एकच उरते, फार तर दोन.

उरलेलं काम बोटांचं. कान चकतो, पण बोट सहसा चकत नाही. कुणाला तरी सायकलवर बसवून, पुढचा ब्रेक दाबून पायडलवर जोर द्यायला सांगायचं आणि आपण एकेका जोडावर बोट टेकवायचं. जिथं टक बोटात लागेल तिथं तो जोड. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला लावून टोक यंत्रावर टेकवायची पद्धत मी उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कारागिरांकडून शिकलो. ज्यांच्या नावानं आजही उद्यमनगरात कानाला हात लावतात ते नामांकित यंत्रकारागीर म्हादबा मेस्त्री याच कोल्हापूरचे. इंजिनाचं ऐकायचं हे इथल्या कारागिरांच्या अंगात आहे. सायकल साधी आहे म्हणून तिचं ऐकायचं नाही, हे मला पटत नाही.

आमच्या भागातल्या एका दूधवाल्याची गोष्ट सांगतो. सकाळी रतीब घालायला निघालं की मागून टकटक. दुकानात सायकल आणली की गप्प. दोन ठिकाणी बीबी खोलून झाली होती. मी विचारलं, "घरी परतताना वाजते काय?" तो विचार करून म्हणाला, "नाही, परत येताना वाजत नाही." परत येताना किटल्या रिकाम्या असतात. त्याला म्हटलं, उद्या भरलेल्या किटल्या घेऊनच ये. आला. भरल्या वजनावर आवाज चाकाच्या ठेक्यानं यायला लागला. मागच्या चाकाचे 40 स्पोक दोन-दोन बोटांत धरून दाबत गेलो, तर एका बाजूचे सलग काही सैल होते. ओझ्याखाली चाकाचा तो भाग जमिनीकडे आला की तिथले स्पोक आणखी सैल पडायचे आणि एकमेकांना ओलांडतात तिथं घासून वाजायचे. ताण सारखा करून आउट काढला आणि आवाज संपला. नवा भाग एकही लागला नाही. आणखी महिना गेला असता तर ते स्पोक मुळाशी तुटायला लागले असते.

गिअरच्या महागड्या सायकली वाढल्यापासून जोतिबा-पन्हाळ्याच्या घाटांत जाणारी, बीआरएम या लांब पल्ल्याच्या सायकल राइडची तयारी करणारी मंडळी दुकानात येतात. बीआरएममध्ये 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात. एवढा वेळ कानात करकर घेऊन बसणं म्हणजे शिक्षाच. अशाच एकाची सायकल घाटात उभं राहिलं की करकरायची. त्यानं दुसरीकडे बीबी बदलून घेतली होती, चांगला खर्च केला होता. आवाज होता मागच्या एक्सलवर. एक्सल फ्रेमच्या ज्या खाचेत बसतो तिथं धूळ आणि सुकलेलं ग्रीस यांचा थर होता. फडक्यानं पुसलं, पुसट ग्रीस लावलं, खटका नीट आवळला. झालं.

बीबीवरचा संशय सगळाच खोटा नाही, हेही सांगायला हवं. 2000 साली कॅनॉनडेल कंपनीनं बीबी 30 नावाची पद्धत आणली. त्यात बेअरिंग आट्यांनी आवळायच्या ऐवजी फ्रेममध्ये थेट दाबून बसवतात. त्यानंतर अशा दाबून बसवायच्या बऱ्याच पद्धती निघाल्या. वजन घटलं, कारखान्यातलं काम सोपं झालं. पण फ्रेमचं भोक किंचित जरी वाकडं किंवा मोठं असलं तर बेअरिंग आत हलतं आणि करकरतं. माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या धुळीत आणि पावसात आट्यांची बीबीच बरी. गेल्या काही वर्षांत अनेक कंपन्या पुन्हा आट्यांकडे वळल्या आहेत, हे बघून मला बरं वाटलं.

बावड्यात पाण्याचा विषय निघाला की पंचगंगा आलीच. राजाराम बंधाऱ्यावर नदी 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर धोका. हे आकडे इथं पोरांनाही पाठ आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. पाणी ओसरल्यावर सायकली धुऊन, वाळवून लोकांनी वापरायला घेतल्या आणि पुढच्या महिन्यांत दुकानात एकच आवाज भरून राहिला: खरखर. पुराचं पाणी हबमध्ये, बीबीत, हँडलच्या कपात शिरतं आणि जाताना बारीक गाळ ठेवून जातं. ग्रीस पाण्यात मिसळून पांढुरकं होतं, त्याचा चिकटपणा जातो. बाहेरून सायकल चकचकीत आणि आत गाळानं कोन-कप खरवडलेले. पुढच्या हबला दीड सुती छर्रे लागतात, मागच्याला दोन सुती. त्या वेळी मी लोकांना कळवळून सांगत होतो की वाजायची वाट बघू नका, सायकल बुडाली होती ना, मग आधी खोला. ज्यांनी ऐकलं त्यांचं छर्रे आणि ग्रीसवर भागलं. ज्यांनी नाही ऐकलं त्यांना हब बदलावे लागले.

पावसाची आणखी एक खूण आहे. पावसात गप्प बसणारा आणि ऊन पडलं की सुरू होणारा आवाज म्हणजे कोरडा जोड. पाणी तेवढ्यापुरतं तेलाचं काम करतं. ऊस गाळपाच्या दिवसांत रस्त्यावर धूळ वाढते तेव्हा अशा सायकली जास्त येतात.

प्रत्येक आवाज घालवायचा नसतो. पाय थांबल्यावर फ्री टिकटिकते, कारण आतल्या खुंट्या दात्यांवरून घसरत असतात. ती टिकटिक हवीच. ती अडखळली, मध्येच थांबली तर मात्र फ्री बघायला हवी, कारण भर चढावर खुंटी पकडायची राहिली तर पायडल रिकामं जातं आणि माणूस तोंडावर पडतो. आणि काही आवाज मिटवणं हे पापच आहे. शिरोली एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एकानं हँडल दाबलं की कर्र होतं म्हणून सायकल आणली. जरा तेल सोडा, म्हणाला. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या डोक्याजवळ रंगाखाली गंजाची केसाएवढी रेघ दिसली. रंग खरवडला, तर तडा. तेल सोडलं असतं तर आवाज कदाचित गेला असता आणि हायवेवर एखाद्या दिवशी चिमटा तुटला असता. तो चिमटा मी परत बसवून दिला नाही, नवाच घातला. हँडल, चिमटा आणि फ्रेमचे जोड यांतून आवाज येत असेल तर कारण सापडेपर्यंत सायकल चालवू नये.

लोक सुटा भाग हातात दिसला की पैसे देतात. शोधायला गेलेला वेळ त्यांना दिसत नाही. तासभर शोधून, पुसून, थेंबभर ग्रीस लावून आवाज काढला, तर "काहीच नव्हतं की" म्हणतात. म्हणूनच कारागीर भाग बदलत सुटतो. भाग बदलला तर पैसे मिळतात, ऐकत बसला तर नाहीत. हे बदललं पाहिजे. नव्या पोरांना मी आधी ऐकायला शिकवतो, खोलायला नंतर, पण ऐकण्याची मजुरी मिळाली नाही तर ते का ऐकतील?

तुमची सायकल वाजत असेल तर कारागिराकडे जाण्याआधी चार गोष्टी बघून ठेवा: पाय थांबवल्यावर वाजते का, उभं राहिल्यावर वाजते का, ओझं असताना वाजते का, आणि पायडलच्या एका फेऱ्यात किती वेळा वाजते. आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल घालू नका. ते धूळ धरतं, चेन खातं आणि आवाज दोन दिवस दडवून ठेवतं. सायकल वाजती आहे तशीच घेऊन या.