काचपेटीतले मासे आजारी पडतात तेव्हा…



शाळेत फिश टँक ठेवणं हे आता काही नवीन राहिलं नाही. मासे सगळ्यांनाच आवडतात. पण मासा आजारी पडला किंवा काचेवर शेवाळ चढलं की बहुतेक टँक महिनाभरात रिकामे होऊन अडगळीत जातात. आमच्या वर्गातला टँक टिकला. तो कसा टिकला आणि त्यातून मुलं काय शिकली, ते इथे लिहिते आहे.

मी मारेगाव तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते. आमचे मासे म्हणजे गप्पी. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभाग हे मासे पाण्याच्या टाक्यांत सोडतो, ते सगळ्यांना माहीत आहेच. झाडं म्हणजे हायड्रिला आणि लांब पट्टीसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया. हायड्रिला आपल्याकडे तलावात, नाल्याच्या साचलेल्या पाण्यात सहज मिळते. टँक ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद आणि पाणी २५ सेंमी उंच. म्हणजे ४५,००० घन सेंमी, म्हणजे ४५ लिटर. हा हिशोब चौथीच्या मुलांनीच केला. पुढे तो फार कामी आला.

ऑगस्टमध्ये एका पालकांनी हौसेने आणखी चार मासे आणून दिले. आठवडाभरात एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मासोयीच्या आंगावर मीठ पडल्यासारखं दिसून रायलं जी." तिचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. या रोगाला व्हाइट स्पॉट म्हणतात. पांढरा ठिपका म्हणजे माशाच्या कातडीखाली शिरलेला एक सूक्ष्म परजीवी. तो तिथे पोसला जातो, मग गळून तळाशी किंवा पानावर चिकटतो. तिथे त्याचे शेकडो तुकडे होतात आणि ती नवी पिल्लं पोहत पोहत मासा शोधतात. औषध लागू पडतं ते याच पोहणाऱ्या अवस्थेत. ठिपक्याच्या आतल्या परजीवीला ते पोचत नाही. म्हणूनच दोन दिवसांत ठिपके गेले तरी उपचार थांबवायचा नसतो.

आता खरी अडचण. या रोगावर साधं मीठ चालतं आणि गप्पीला ते सोसतं. पण झाडांचं काय? मी मुलांना विचारलं, "काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की काय होतं?" उत्तर लगेच आलं, "पाणी सुटते!" हायड्रिलाच्या पानाचंही तेच होतं. पाण्यात मीठ वाढलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पान मऊ पडतं आणि मग सडतं. सडलेलं पान पाणी आणखी खराब करतं. दुकानात मिळणाऱ्या निळ्या औषधानेही झाडांना इजा होते.

मग आम्ही माशांचा दवाखाना वेगळा केला. २० लिटर पाण्याचा एक टब घेतला, त्यात हवेचा पंप सोडला. लिटरला २ ग्रॅम या हिशोबाने ४० ग्रॅम जाडं मीठ किराणा दुकानातून तोलून आणलं आणि दोन दिवसांत थोडं थोडं करून विरघळवलं. रोज अर्धं पाणी बदलायचं आणि बदललेल्या १० लिटरला २० ग्रॅम मीठ पुन्हा घालायचं. सगळेच मासे टबात हलवले, कारण निरोगी दिसणारा एक जरी टँकमध्ये राहिला तरी परजीवीला घर मिळतं. मासाच नसेल तर आपल्याकडच्या उष्ण पाण्यात ती पोहणारी पिल्लं दोन-तीन दिवसांत उपाशी मरतात. खबरदारी म्हणून आम्ही पंधरा दिवस थांबलो. पंधरापैकी दोन मासे गेले. मुलांनी त्यांना कडुलिंबाखाली पुरलं. तेरा परतले. झाडांना मिठाचा कणही लागला नाही.

याच दिवसांत काचेवर आणि पानांवर हिरवं शेवाळ चढत होतं. एक पालक म्हणाले, "मॅडम, चिमूटभर मोरचूद टाका ना, एका दिवसात साफ!" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मोरचुदातलं तांबं शेवाळ मारतं. पण तेच तांबं गोगलगायी मारतं, झाडांना जाळतं आणि परतलेल्या माशांनाही भोवतं. शिवाय मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. आम्ही शेवाळाचं खाणं तोडलं. टँक खिडकीच्या उन्हातून हलवला, दिवा सहा तासच ठेवला, माशांचं खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच केलं आणि दर शनिवारी एक चतुर्थांश पाणी बदललं. ते पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं असायचं. हायड्रिलाच्या आणखी काड्या, आठ दिवस वेगळ्या बादलीत ठेवून मग लावल्या. ती भराभर वाढते आणि शेवाळाच्या वाट्याचं खत स्वतःच खाते. महिनाभरात काच बरीचशी स्वच्छ झाली.

हे सगळं माशांपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. आपल्या तालुक्यात मुलं कपाशीच्या शेतात वाढतात. शेजारच्या धुऱ्यावर टू-फोर-डी मारलं आणि वारा फिरला की कपाशीची पानं कशी बोटांसारखी होतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. ज्याला मारायचं आणि ज्याला जगवायचं ते एकाच पाण्यात, एकाच शेतात असतात. फवारणारा माणूसही त्यात आलाच. औषध कोणाला लागतं, किती लागतं, आणखी कोणाला लागेल, हे तीन प्रश्न आमच्या टँकवर कागदाने चिकटवलेले आहेत.

परवा एका मुलाने सांगितलं की त्याने घरच्या फवाऱ्याच्या डब्यावरचं लेबल वडिलांना वाचून दाखवलं. "बाबा म्हणे, मापटं घेऊन ये." मला एवढंच हवं होतं.

आपल्या शाळेत टँक असेल तर एक टब, एक तराजू आणि एक निरीक्षण वही जवळ ठेवा. आणि नवीन मासा कोणीही आणला तरी दोन आठवडे वेगळा ठेवा.