सातवीपर्यंतची पेटी

उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर भरतात. आमच्या विदर्भात उन्हामुळे जूनच्या अखेरीस. मी शिकले आणि पुढे शिकवू लागले, त्यातल्या बऱ्याच वर्षी 26 जून हीच आमची तारीख होती. भंडारा जिल्ह्यात ही वेळ मोठी अवघड. मोहफुलं वेचून, वाळवून विकून झालेली असतात. मे महिन्यातला तेंदूपत्त्याचा हंगाम संपलेला असतो. सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधून फळीवर नेऊन दिली, त्याचे पैसे आले आणि गेलेही. बांधीच्या कोपऱ्यात पऱ्हे टाकलेले असतात. कोठीतला धान तळाला गेलेला असतो. रोवणीची मजुरी हातात पडायला जुलै उजाडतो. मागची कमाई खाऊन झालेली आणि पुढची अजून चिखलात, अशा नेमक्या दिवसांत वह्या-पुस्तकं घ्यायची असतात. गरिबाघरची पोरगी शाळेतून गळते ती बहुतेक याच दोन-तीन आठवड्यांत. मी गळले नाही, ते आमच्या शेजारच्या आजीमुळे. नात्याने ती आमची कुणीच नव्हती. गावात तिला नावाने हाक मारताना मी कुणाला ऐकलं नाही, म्हणून इथेही ती नुसती आजीच.

आमचं गाव साकोलीकडचं. आजी एकटी राहायची आणि बिड्या वळायची. सकाळी छपरीत सूप मांडीवर घेऊन बसली की उठायची ती हजार भरत आले की. भिजवलेलं तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर धरून कात्रीने कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, तोंड नखाने दुमडायचं, धागा गुंडाळायचा. बोलत असतानाही बोटं थांबायची नाहीत. संध्याकाळी ठेकेदाराकडे माल दिला की त्यातल्या काही बिड्या छाटात जायच्या, त्यांचे पैसे नाहीत. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं.

आणि तिच्या घरात एक टिनाची पेटी होती. गावची शाळा सातवीपर्यंत. निकाल लागला की आजी घरोघरी जाऊन वरच्या वर्गात गेलेल्या पोरांची जुनी पुस्तकं गोळा करायची. उन्हाळाभर ती कडुलिंबाचा पाला घालून पेटीत राहायची. शाळा उघडायच्या आधी पुस्तकं बाहेर निघायची आणि मग एक-दोन संध्याकाळी बिड्यांचं सूप बाजूला असायचं. सुटलेल्या पानांना ती बिडीच्याच धाग्याने टाके घालायची. कणकेच्या लईने कोपरे चिकटवायची. जुन्या पेपरची कव्हरं कापायला कात्री तीच, तेंदूच्या पानांची. आमच्या पुस्तकांना तंबाखूचा वास यायचा. बाहेरगावाहून बदलून आलेल्या एका गुरुजींनी पहिल्या दिवशी वर्गात नाक उडवत विचारलं होतं, कोण तंबाखू खातं रे इथे?

वाचता येत नसताना ती पुस्तकं लावायची कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पोरांकडून एकदा विचारून घेतलेलं ती विसरत नसे. गणित जाडीवरून, भूगोल नकाशांवरून. चौथीचा इतिहास म्हणजे शिवाजी राजाचं पुस्तक. तिसरीचा भूगोल म्हणजे आपल्या जिल्ह्याचं पुस्तक. त्यात वैनगंगेची निळी रेघ होती, तिच्यावर बोट ठेवून ती म्हणायची, हे आपलं. पुस्तक देताना एकच बजावणं, “पान मुडपू नोको. तुया मागं अजून दोघी हायेत.” त्या मागच्या दोघी कोण, हेही तिला पाठ असायचं. पहिल्या पानावर आधीच्या मालकांची नावं खोडून खोडून खाली उतरत आलेली असायची. माझ्या एका मराठीच्या पुस्तकात माझं नाव लिहायला जागाच उरली नव्हती, म्हणून मी ते आतल्या कव्हरवर लिहिलं.

बाकीचीही जुळवाजुळव अशीच व्हायची. दप्तर पोत्याच्या कापडाचं, ते शिवून द्यायला कुणीतरी असायचं. पाऊस लागला की युरियाच्या रिकाम्या पिशवीची खोळ डोक्यावर. शाळेत पुस्तकपेढीचे संच यायचे, पण मोजके; ते वाटून झाल्यावर गुरुजी उरलेल्यांना सरळ सांगत, आजीकडे जा. यात उपकार वगैरे काही आहे असं मला वाटत नव्हतं. गावात विहीर असते, तलाव असतो, तशी पुस्तकांची पेटी असते, आणि ती सगळ्या गावांत असणार, अशी माझी समजूत होती. पुढे डी.एड.ला भंडाऱ्याला गेले तेव्हा खोलीतल्या मुलींना मी सहज विचारलं, तुमच्या गावात पुस्तकं कोण वाटायचं? कुणाला प्रश्नच कळला नाही. तुमसरकडची एक म्हणाली, आमच्याकडे पुस्तकं नसली की शाळा सोडायची. इतकी वर्षं मी कशाच्या आधारावर उभी होते, ते मला त्या खोलीत समजलं.

पण पेटी सातवीपर्यंतचीच होती. मी सातवी पास झाले तेव्हा आमच्या टोल्यातली एकही मुलगी त्याआधी हायस्कुलात गेलेली नव्हती. आठवीची पुस्तकं जुनी मिळणार कुणाकडून? बाबा म्हणाले, एक वर्ष थांबू. आई काही बोलली नाही. ते वर्ष थांबलं की पुन्हा सुरू होत नाही, हे आमच्या भागात सगळ्यांना माहीत असतं. आजीने ठेकेदाराकडून उचल घेतली. मला घेऊन ती साकोलीच्या बाजाराला आली आणि दुकानदाराला म्हणाली, “आठवीचे सारे द्या जी. नवे.” नवं पुस्तक मी त्या दिवशी पहिल्यांदा उघडलं; पानं एकमेकांना चिकटलेली होती, वास वेगळा होता. आजीने एकेक पुस्तक हातात घेऊन पुढून-मागून पाहिलं, दुकानदाराला प्रत्येकाचा विषय विचारला. माझ्यासाठी विचारत नव्हती. पेटीत आठवीचा कप्पा करायचा होता, त्यासाठी ती खुणा पाठ करत होती.

उचल एकट्या आजीच्या अंगावर राहू द्यायची नाही, हे रोवणीला जाणाऱ्या बायकांनी ठरवलं. त्या गुत्त्यावर रोवणी घ्यायच्या. बांध्या रोवून झाल्या की मिळालेले पैसे वाटून घ्यायच्या. त्या जुलैत एका शेताच्या पैशांतून वाटणीआधी थोडे काढून आजीला दिले. आई त्यात होती, पण बाकीच्या बायकांना माझ्या आठवीशी काय घेणं होतं? काहींच्या पोरी शाळेतसुद्धा जात नव्हत्या. गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून मिळवलेल्या पैशांतला तो वाटा होता. मी पुढे शिकवू लागल्यावर रोवणीच्या दिवसांत पोरांना आणायला शेतावर जायचे, तेव्हा त्या बायका कमर सरळ करून उभ्या राहत आणि विचारत, बाई, कोणती पोरगी पाहिजे? त्यांच्याकडे पाहून मला बोलायला सुचत नसे.

आजीचं आणखी एक देणं आहे. आई शेतातून आल्यावर रात्री बिड्या वळायची, पण तिचा माल दुसऱ्याच्या नावावर जायचा, स्वतःचं ओळखपत्र नव्हतं. आजीने तिच्या मागे लागून ते काढायला लावलं. 1976 च्या कायद्याने बिडी कामगारांसाठी कल्याण निधी झाला, त्यातून त्यांच्या मुलांना शिष्यवृत्ती मिळते. अर्ज नागपूरच्या कार्यालयात जायचे. हे सगळं वाचता न येणाऱ्या बाईला कसं ठाऊक? ठेकेदाराच्या ओसरीवर बसून तिने ते कानांनी जमवलं होतं. नववीपासून माझी शिष्यवृत्ती आली. पुस्तकांचा प्रश्न तिथे मिटला.

जुन्या, गोंदिया वेगळा व्हायच्या आधीच्या भंडारा जिल्ह्यात गावोगाव हायस्कुलं निघाली, त्यात मनोहरभाई पटेलांचा मोठा वाटा. 1958 साली त्यांनी गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. स्वतः फारसे शिकलेले नव्हते. त्यांचे पुतळे आहेत, जयंती होते, ते योग्यच आहे. पण हायस्कूल दारात आलं तरी पोरगी त्या दारापर्यंत पोहोचवायला गावात आणखी कुणीतरी लागतं. त्या लोकांची नोंद कुठल्याच संस्थेच्या अहवालात होत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले तेव्हा तांदूळ वाटपाचे दिवस होते. 15 ऑगस्ट 1995 ला पोषण आहाराची योजना सुरू झाली. शिजवलेलं अन्न नंतर आलं, आधी हजेरी 80 टक्के भरली की महिन्याला 3 किलो तांदूळ मिळायचा. धानाच्या जिल्ह्यात मी पोरांना तांदूळ मोजून देत होते, आणि जुलैत तो घरी नेताना पोरं पिशवी दोन्ही हातांनी धरून चालत. पुढे सर्व शिक्षा अभियान आलं आणि आठवीपर्यंतची पुस्तकं सगळ्यांना मोफत झाली. आता पहिल्या दिवशी प्रवेशोत्सव असतो. दाराला आंब्याचं तोरण, गावातून प्रभातफेरी, पहिलीतल्या पोरांना फूल आणि कोरी पुस्तकं. 26 जून हा शाहू महाराजांचाही जन्मदिवस. 1917 साली आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करणारा राजा तो; शाळा त्या दिवशी उघडली की एकाच हारात दोन कामं होतात, असं आमचे एक मुख्याध्यापक गमतीने म्हणत.

मोफत पुस्तकांची बातमी मी आजीला सांगितली. तिला वाईट वाटेल असा माझा कयास होता. ती म्हणाली, “बरं झालं. पेटीत आता धान ठेवता येईन.” पण पेटी तिने लगेच रिकामी केली नाही. तिसरीचा जुना भूगोल त्यात तसाच होता. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला होता, तिच्या पुस्तकातला भंडारा जिल्हा नकाशावर उरलाच नव्हता. मी तिला वैनगंगेची रेघ दाखवून म्हटलं, इकडचा भाग आता गोंदियात गेला. तिने विचारलं, “नदी कोनाकडं गेली?” दोघांकडे, असं मी सांगितलं, तेव्हा तिचं समाधान झालं.

हात चालेनासे झाल्यावर तिचा भविष्य निर्वाह निधी काढायचा होता. ठेकेदाराकडची नोंद, कार्डावरचं नाव आणि रेशनकार्डावरचं नाव, तिन्ही ठिकाणी तिचं नाव वेगवेगळं लिहिलेलं निघालं. ते जुळवायला खूप हेलपाटे पडले. तिच्यासाठी मी केलेलं म्हणावं असं काम एवढंच. अर्ज भरताना मी म्हटलं, आजी, तुला सही शिकवते, आठवडाभरात येईल. इतकी वर्षं शाई लावून अंगठा उमटवणाऱ्या बाईने एकदा तरी आपलं नाव लिहावं असं मला फार वाटत होतं. तिने अंगठा पुढे केला. “आता कायले वो? तू हायेस ना लिहाले.” मी आग्रह केला नाही. माझी ती इच्छा माझ्यासाठी होती, तिच्यासाठी नव्हे, हे तिच्या लवकर लक्षात आलं होतं.

आजीला जाऊन बरीच वर्षं झाली. बिडीचं कामही आमच्या गावातून जवळजवळ उठलं.

2023 पासून दोन वर्षं पुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं शिवून आली. दप्तर हलकं व्हावं हा हेतू. पोरांनी त्यात लिहिलं आणि एकाचं पुस्तक दुसऱ्याला देण्याजोगं राहिलं नाही. आता ती पानं गेली. आठवीपर्यंत त्याने फारसं अडत नाही, कारण पुस्तकं फुकटच मिळतात. अडतं ते नववी-दहावीला. तिथे ती विकत घ्यावी लागतात, आणि पैसे अजूनही रोवणी झाल्यावरच येतात. आमच्या शाळेतून आठवी करून बाहेर पडणाऱ्या मुलींसाठी आम्ही काहीजण वरच्या वर्गांचे जुने संच गोळा करतो. भंडाऱ्यात, नागपुरात नोकरीला असलेले माजी विद्यार्थी पाठवतात. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी ते कपाटात लावतात. मावशींना वाचता येतं, त्यामुळे काम सोपं आहे. यंदा नववीचे संच कमी आणि मुली जास्त आहेत. मावशींनी रोवणीच्या गुत्त्यातल्या बायकांच्या कानावर घातलं आहे. मी संध्याकाळी एकेकाला फोन करते आहे. बीजगणिताची पुस्तकं भरपूर मिळाली, विज्ञानाची कुणी सोडायला तयार नाही.