बाजीची हजेरी

धारच्या किल्ल्यात 1775 साली दुसरा बाजीराव जन्मला. आमचा बाजी जन्मला त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी, एका बंद दुकानाच्या ओट्याखाली, 2007च्या पावसाळ्यात. नाव माझ्या यजमानांनी ठेवलं. महिनाभराचं ते पिल्लू टेम्पोचा भोंगा ऐकून थेट त्यांच्या धोतरात शिरलं, तेव्हा ते म्हणाले, "हा तर पळपुटा बाजीराव!" पुढे बाजीने ते नाव जन्मभर नेटाने चालवलं. फटाके, ढोल, कुकरची शिट्टी, झाडूवाली बाई, या सगळ्यांपासून तो पळाला. मांजराशी मात्र त्याने कायम तह केला.

दिसायला अगदी गावठी. मातकट रंग, उजवा कान उभा आणि डावा मोडलेला. माळव्यातल्या कुठल्याही घरात शेवेचा डबा भरलेला असतो. तो उघडल्याचा आवाज बाजीला गच्चीवरून ऐकू यायचा. पोह्यांवर शेव असेल तर पोहे तसेच ठेवून नुसती शेव वेचण्याची कला त्याला साधली होती.

मी सरकारी कॉलेजात इतिहास शिकवत असे. धारची कॉलेजं इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाला जोडलेली, आणि 2009 साली बदली झाली देवासला, जिथली कॉलेजं उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाची. सामानाच्या ट्रकमध्ये गाद्यांच्या गुंडाळीवर बसून बाजीही आला. म्हणजे विद्यापीठ त्याचंही बदललं. मायग्रेशन सर्टिफिकेट तेवढं लागलं नाही.

त्याच्या हयातीत परीक्षेची पद्धत दोनदा फिरली. 2008 मध्ये पदवीच्या वर्गांना सेमिस्टर आलं, 2017 मध्ये पुन्हा वार्षिक परीक्षा आल्या. सेमिस्टरच्या काळात 'सीसीई' नावाचं प्रकरण होतं. मुलांनी असाइनमेंट लिहायच्या आणि आम्ही तपासायच्या. पन्नास वह्यांत तेच वाक्य, तीच शुद्धलेखनाची चूक, कारण सगळ्यांचा उगम बाजारातलं एकच गाइड. गठ्ठे जमिनीवर पसरले की बाजी त्यावर झोपायचा. एकदा त्याने एका वहीचं मुखपृष्ठ आणि 'प्रस्तावना' चावून खाल्ली. वहीचा मालक पोरगा अजिबात विचलित झाला नाही. "कोई बात नहीं मॅडम, प्रस्तावना तो सबकी एक जैसी है."

वर्गाची स्थिती यापेक्षा फार वेगळी नव्हती. रजिस्टरात ऐंशी नावं, बाकांवर दहा-बारा डोकी. 75 टक्के हजेरीचा नियम भिंतीवर लावलेला असे. मुलं यायची ती परीक्षेच्या तोंडावर, थेट घरी. "मॅडम, आयएमपी बता दो." या पोरांना शिकायचं नाही, असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणत. मला ते कधी पटलं नाही. त्यांनी आपला हिशेब चोख मांडला होता. 2017च्या पटवारी परीक्षेत नऊ हजारांवर जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. त्या अर्जाला पदवी लागत होती, पण प्रश्न मात्र गणिताचे आणि सामान्य ज्ञानाचे. मग मुलगा दिवसभर इंदूरच्या भंवरकुआँला कोचिंगमध्ये बसणार की माझ्या 'मराठा प्रशासन' या धड्याला? खेड्यातून येणाऱ्या मुलींना 'गाँव की बेटी' योजनेतून महिन्याला 500 रुपये मिळत, वर्षातले दहा महिने. काहींच्या लग्नाची बोलणी त्या पाचशेच्या जोरावर वर्षभर पुढे गेली. असली मुलगी वर्गात मागच्या बाकावर गप्प बसली तर तिला उदासीन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

घरी आलेलं पोरगं दारातच थबकायचं. "कुत्ता काटेगा तो नहीं?" बाजी तोवर पलंगाखाली गेलेला असे. मग त्या पोराची भीती जायची आणि बाजीला बाहेर काढायची खटपट सुरू व्हायची. घरात आम्ही त्याच्याशी मराठी बोलायचो, त्यामुळे त्याला हिंदीतलं "बैठ" कळत नसे. हिंदी नि माळवी बोलणारी ही मुलं चार-दोन दिवसांत "ये इकडे", "बस", "नको" शिकून गेली. एक पाटीदारांचा मुलगा तर "बाजी, शहाण्यासारखं वाग" हे माझ्या सुरात म्हणायचा. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, त्यावर मार्क नव्हते, आणि ते कुठल्या गाइडात छापलेलं नव्हतं.

संध्याकाळी बाजीला देवासच्या टेकडीच्या पायथ्याने फिरवायला न्यावं लागे. आयएमपी मागायला आलेल्यांना मी म्हणायची, चला बरोबर, रस्त्यात सांगते. बाजी दर विजेच्या खांबाशी थांबणार, तेव्हा आम्हीही थांबायचो. वर थोरली माता तुळजाभवानी नि धाकटी माता चामुंडा, आणि खाली एका गावात दोन राज्यं: तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांच्या थोरल्या नि धाकट्या पाती. दोन राजे, दोन दरबार, थेट 1948 मध्ये मध्यभारतात विलीन होईपर्यंत. मुलं याच गावात जन्मलेली, पण हे असं उभ्या जागी त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. "मॅडम, फिर पानी का टैक्स कौन लेता था?" असा प्रश्न वर्गात मला उभ्या नोकरीत कुणी विचारला नाही, तो खांबाशी विचारला गेला. थोरल्या पातीच्या तिसऱ्या तुकोजीरावांकडे 1921 मध्ये फॉर्स्टर नावाचा इंग्रज लेखक खाजगी चिटणीस म्हणून राहिला आणि त्याने 1953 मध्ये या टेकडीच्या नावाने पुस्तक काढलं, हे ऐकून एका मुलीने विचारलं की राजाचं पुढे काय झालं. कर्ज फार झालं, तो पाँडिचेरीला निघून गेला नि 1937 साली तिकडेच वारला, मी सांगितलं. "मतलब राजा भी भाग गया?" असं म्हणून सगळे बाजीकडे बघून हसले.

नवरात्रात मात्र हे फिरणं बंद. टेकडीवर रात्रंदिवस गर्दी, लाउडस्पीकर आणि ढोल. बाजी नऊही दिवस पलंगाखाली उपास केल्यासारखा पडून राही. दसऱ्याला शेव मागायला बाहेर येई.

2019 च्या हिवाळ्यात त्याचं खाणं कमी झालं. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडं थकली आहेत, वयच आहे. ताकभात, औषधं, सलाइन सुरू झालं. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली, परीक्षा अर्ध्यात थांबल्या. दिवसभर मुलांचे फोन: जनरल प्रमोशन मिळेल का? फोन ठेवताना बहुतेक जण विचारत, बाजी कसा आहे?

एप्रिलमध्ये तो गेला, पहाटे, पलंगाखालीच. बाहेर पडायला बंदी, मदतीला माणूस नाही. मागच्या गल्लीतला, दोनदा सप्लिमेंटरी आलेला एक मुलगा तोंडाला गमछा बांधून पहार आणि फावडं घेऊन आला. अंगणात लिंबाखाली त्याने खड्डा खणायला घेतला. बाजीला माझ्या जुन्या साडीत गुंडाळलं. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "अगं, कुत्र्यासाठी एवढं?" मुलाने खणणं थांबवलं नाही.

नोट्स पाठवायला केलेला वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर मी पीडीएफ टाकल्या की कुणी हूं म्हणत नसे. त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत निरोप येत राहिले, मला ठाऊकही नसलेले फोटो आले. असाइनमेंटवर झोपलेला बाजी, खांबाशी उभा बाजी. जुन्या बॅचच्या एका मुलीने लिहिलं होतं: तुकोजीराव पाँडिचेरीहून परतले नाहीत हे मॅडमनी सांगितलं तेव्हा बाजीचा पाय वर होता, पेपरात तो प्रश्न आला नाही, पण विसरले नाही.

त्या वर्षी पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना परीक्षेविनाच पुढे ढकललं. शेवटच्या वर्षाची परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली, घरी बसून, पुस्तक उघडून. तेव्हा काहींनी फोन करून मला विचारलं होतं, "कोणतं पुस्तक?"

आता नव्या धोरणाचे अभ्यासक्रम आले आहेत, प्रकल्प आहेत, इंटर्नशिप आहे. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की आठवड्यातून एक तास तरी वर्ग गावात भरवा. धारला किल्ला आहे, देवासला टेकडी आहे. बरोबर कुत्रं असेल तर उत्तम, कारण कुठे थांबायचं ते त्याला बरोबर कळतं.