रोहित पक्षी आणि सासूबाईंची ज्वारी



पक्ष्यांना दाणे घालणं म्हणजे जीवदया, हे आपल्या लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. त्यामुळे ऐरोलीला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला थेरगावहून निघताना सासूबाईंनी किलोभर ज्वारी सोबत घेतली, यात नवल नव्हतं.

ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून ठाणे खाडीत बोट जाते. खाडीचा हा भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. कडेला तिवरांची हिरवी भिंत, पुढे चिखलावर लांबच लांब गुलाबी पट्टा. तो हलला तेव्हा कळलं, हे सगळे पक्षी आहेत!

रोहिताचं खाणं बघण्यासारखं असतं. मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो, जिभेने पाणी आत ओढतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून गाळून बाहेर टाकतो. आत उरतं ते सूक्ष्म शेवाळ. त्यातल्या रंगद्रव्यामुळेच पंख गुलाबी होतात.

"पाणी गाळणारा पक्षी! आई, हा तर आपल्यातलाच," मी म्हटलं.

"अगं, आपण जीव वाचवायला गाळतो, हा खायला गाळतो. आणि शेवाळ म्हणजे अनंतकाय!"

बरोबरच होतं त्यांचं. पण त्यागाचा नियम आपल्याला, कारण आपल्या ताटात निवड असते. त्याच्यापुढे तो चिखल आणि ते पाणी, एवढंच.

मग बोटीभोवती कुरव पक्षी घिरट्या घालू लागले आणि सासूबाईंचा हात पिशवीत गेला. नावाडी म्हणाला, "आजी, इथं काही टाकायचं नाही." कुरव मासे पकडून जगतात, रोहित शेवाळावर. ज्वारी नुसती कुजली असती. पण सासूबाईंचा चेहरा उतरला. "मग यांच्यासाठी काही करायचंच नाही का?"

मला मेघकुमाराची कथा आठवली. व्याख्यानात कितीदा ऐकली आहे! मागच्या भवात तो हत्ती होता. वणवा लागला तेव्हा त्याने मोकळ्या केलेल्या जागेत सगळे प्राणी येऊन दाटले. खाजवायला त्याने पाय उचलला, तेवढ्यात खाली ससा येऊन बसला. अडीच दिवस हत्तीने पाय टेकवला नाही. सशाला त्याने काही खाऊ घातलं नव्हतं, फक्त त्याच्या जागेवर पाय ठेवला नाही.

खाडीचा चिखल बघून माणसाला मोकळी जागाच दिसते, भराव टाकायला. नेरूळच्या डीपीएस तलावात 2024 मध्ये भरतीचं पाणी येण्याची वाट अडली, तलाव सुकला, आणि त्याच काळात तिथे मेलेले रोहित सापडले. तिथे पोतंभर दाणे टाकून काय उपयोग झाला असता? पाणी हवं होतं. आपली मंडळं जीवदयेसाठी एवढा निधी जमवतात, त्यात पाणथळ जागांचा विचार व्हावा असं मला मनापासून वाटतं. (कबुतरांचा वाद मी इथे आणत नाही, आपल्या घरात तो पुरेसा होतो.)

सासूबाईंना हे अर्धंच पटलं. "सशाची गोष्ट खरी, पण दाणे घालण्यात पुण्य नाही असं म्हणू नकोस," म्हणाल्या. मी तसं म्हटलंच नव्हतं, पण गप्प बसले. ज्वारीच्या दुसऱ्या दिवशी भाकऱ्या झाल्या.

जाणार असाल तर साधारण नोव्हेंबर ते मे रोहित असतात. बोट भरती-ओहोटी बघून सुटते, म्हणून वेळ विचारून, नोंदणी करून निघा. पहाटेची बोट असेल तर नवकारसी पाळून सोबतचे खाकरे-दशम्या नंतर उघडता येतात. उकळलेलं पाणी घरूनच न्या. चौविहार करणाऱ्यांनी संध्याकाळची बोट घेऊ नये, परतताना द्रुतगती मार्गावरच सूर्य मावळतो.