दुपारनंतर मोकळा वेळ

सहलीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेत शेवटून दुसऱ्या दिवसाखाली एक ओळ हमखास आढळते : 'दुपारनंतर मोकळा वेळ'. बाकीच्या ओळींत प्रयाण, आगमन, दर्शन, भेट अशी गर्दी असते. या एका ओळीत काहीच घडत नाही. थोरल्या बहिणीबरोबर मी बदामी, ऐहोळे, पट्टदकल आणि हंपी अशी सहा दिवसांची सहल केली, तेव्हापासून ही ओळ मनात घोळते आहे.

मराठीत वेळेला जी विशेषणे लागतात त्यांत आपला स्वभाव चांगलाच उतरला आहे. 'रिकामा वेळ' म्हटले की मागोमाग 'रिकामटेकडा' येतो. 'फावला वेळ' हा कामातून फावलेला, म्हणजे मूळ मालकी कामाचीच. सवड 'काढावी' लागते. उसंत तर बहुधा 'मिळत नाही' अशा नकारार्थी वाक्यातच भेटते. 'मोकळा वेळ' हा त्यातल्या त्यात निर्मळ शब्द, पण तो छापील कार्यक्रमपत्रिकेत आला की माणसे अस्वस्थ होतात. निघण्यापूर्वी आठवडाभर कोथरूडमध्ये, कर्वे पुतळ्याजवळच्या एका छोट्या सभागृहात प्रवाशांची बैठक झाली. आम्ही अडतीस जण, बहुतेक साठीच्या पलीकडचे. औषधे, थंडी, पाश्चात्त्य पद्धतीचे शौचकूप हे विषय लवकर आटोपले. सर्वांत लांबलेली चर्चा त्या मोकळ्या दुपारीवर झाली. 'म्हणजे आम्ही नेमकं करायचं काय?' असे एका बाईंनी विचारले. एका गृहस्थांनी हिशेब मांडला : पैसे सहा दिवसांचे, दाखवणार साडेपाच दिवसांचे. व्यवस्थापक पंचविशीतला चुणचुणीत मुलगा होता. 'हौस असेल त्यांना तुंगभद्रा धरण दाखवू', असे म्हणून त्याने ती जागा तेथल्या तेथे भरून टाकली. सभागृहात समाधानाची कुजबुज झाली.

या प्रकाराला हसणे सोपे आहे, आणि साहित्याच्या लोकांनी ते पुष्कळ केले आहे. 'पर्यटक' आणि 'प्रवासी' असा भेद करून आपण स्वतःला नेहमी दुसऱ्या रांगेत उभे करतो. पण मार्गदर्शित सहलीचा जन्मच मुळी मोकळ्या वेळेच्या धास्तीतून झाला, हे ध्यानात घ्यायला हवे. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुकने इंग्लंडमधील लेस्टरहून लाफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसे एका शिलिंगात आगगाडीने नेली. कुक दारूबंदीचा प्रचारक होता आणि गाडी मद्यपानविरोधी मेळाव्याला चालली होती. कष्टकऱ्याचा सुटीचा दिवस गुत्त्यात जाऊ नये म्हणून त्याच्या हाती तिकीट आणि कार्यक्रम द्यायचा, अशी ती योजना. कोथरूडच्या सभागृहात जी भीती बोलली जात होती तिची वंशावळ एवढी जुनी आहे.

वाङ्मयाचा न्याय मात्र उलटा चालतो. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले ते उत्तरेत यज्ञाची दक्षिणा मिळवायला. वाटेत १८५७चा उठाव गाठ पडला आणि ठरलेला कार्यक्रम उधळला. तो उधळला नसता तर १९०७ साली प्रसिद्ध झालेले 'माझा प्रवास' हे पुस्तक आपल्याला मिळाले नसते. प्रवासवर्णनाला आडवाट लागते. सहलीतून बहुधा छायाचित्रांचा संग्रहच हाती येतो. अर्थात गोडसेभटजींना पुढे काय होणार हे कळले असते तर त्यांनीही सुखरूप परतीची हमी देणारा व्यवस्थापक पसंत केला असता, असे मला कधीकधी वाटते.

तरीही काटेकोर वेळापत्रक म्हणजे बंदिवास, हे समीकरण मराठी माणसाने तरी सरसकट मान्य करू नये. आपल्याकडची वारी हा घड्याळाच्या शिस्तीने चालणारा समूहप्रवास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीसोहळ्याला जी घडी घालून दिली, ती आजही टिकून आहे. आळंदीहून प्रस्थान कधी, पुण्यात मुक्काम किती, दिवे घाट चढून सासवडला केव्हा पोचायचे, सारे आधीच छापलेले. दिंडीत भिशी भरली की तंबू आणि जेवण दिंडीकडे. संध्याकाळच्या समाजआरतीला चोपदाराने चोप उंचावला की तेवढा मोठा समुदाय चिडीचूप होतो आणि हरवल्या-सापडल्या वस्तूंची नावे पुकारली जातात. पण याच वेळापत्रकात 'विसावा' नावाची जागा आहे. विसावा कोठे आणि किती वेळ हे ठरलेले असते. तेथे कोणी काय करायचे हे ठरलेले नसते. कोणी पाय चेपतो, कोणी धोतर वाळत घालतो, कोणी झाडाखाली घोरतो. त्या वेळेत वारकऱ्यांना 'आणखी काही दाखवा' असे कोणी म्हणत नाही. इरावती कर्वे यांच्या 'परिपूर्ती'तील (१९४९) 'वाटचाल' हा लेख ज्यांनी वर्गात शिकवला आहे त्यांना आठवेल की एका वाटेने चालणारी माणसे जेवायला जातवार बसतात, हे त्यांच्या नजरेतून सुटले नव्हते. आमच्या सहलीतही तिसऱ्या दिवसापासून जेवणाची टेबले मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी आणि 'इतर' अशी लागू लागली होती. असो.

हंपीचा दिवस भरगच्च होता. विरूपाक्षाचे मंदिर, कमलमहाल, हत्तीखाना आणि अखेरीस विठ्ठल मंदिर. येथे सव्वा तास. दगडी रथापुढे पन्नासाची नोट धरून छायाचित्रे काढण्यात वीस मिनिटे गेली (२०१७ पासूनच्या नोटेवर हाच रथ आहे). मग मार्गदर्शकाने विजयनगरच्या वैभवाची माहिती दिली. कृष्णदेवरायाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती येथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, अशी वारकरी परंपरा सांगते. इतिहासाचे अभ्यासक तिच्याविषयी वाद घालतात. गाभारा आज रिकामा आहे. त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर आमच्यातल्या चार बायका, कोणी काही ठरवलेले नसताना, खालच्या आवाजात अभंग म्हणू लागल्या. आणखी सात-आठ जणी बसल्या. पहारेकरी आला, जरा वेळ उभा राहिला आणि आवाज कमी ठेवण्याची खूण करून निघून गेला. व्यवस्थापकाने घड्याळ पाहिले, दुसऱ्यांदा पाहिले आणि मग तोही खांबाला टेकून बसला. नदीकाठचा पुरंदरदासांचा मंडप त्यामुळे पाहायचा राहिला. त्याबद्दल कोणीही हिशेब मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी ती मोकळी दुपार आली. तिशीतिशी माणसे धरणावर गेली, मी हंपीला परत जाऊन तो राहिलेला मंडप पाहायचे ठरवले आणि ताईला विचारले. 'तू जा. मी झोपते,' ती म्हणाली.

ताईविषयी थोडे सांगायला हवे. मेहुणे जाण्यापूर्वी नऊ वर्षे अंथरुणावर होते. पौड रस्त्यावरच्या त्या दोन खोल्यांत सकाळी सहाच्या गोळीपासून रात्री अकराला कूस बदलून देण्यापर्यंतचे सारे वेळापत्रक ताईने आखले आणि तिनेच पाळले. त्या घरात मोकळा वेळ नव्हता, पण त्याहून बिकट म्हणजे दुसऱ्या कोणी ठरवलेला वेळही नव्हता. सहलीत व्यवस्थापक रोज रात्री 'उद्या सहा-सात-आठ' म्हणत असे : सहाला उठायचे, सातला न्याहारी, आठला गाडी. मला त्या आकड्यांचा जाच वाटे. ताई मात्र पहिल्याच सकाळी म्हणाली, 'किती वर्षांनी मला कोणी ऊठ म्हणालं.' तिच्या लेखी ते तीन आकडे हीच विश्रांती होती. काय करायचे हे ठरवण्यापासूनची सुटका, आणि काय करायचे ते स्वतः ठरवण्याची मुभा, या दोहोंना आपण एकच 'मोकळीक' म्हणतो. पहिलीची गरज कोणाला असते हे पुस्तके वाचणाऱ्यांनी, विशेषतः पुरुषांनी, सहलींची टवाळी करण्यापूर्वी पाहावे.

पण म्हणून दुसरी टाकून द्यावी असे नव्हे. पट्टदकलला मिळालेल्या चाळीस मिनिटांत एक निवृत्त चित्रकलाशिक्षक शिखराचे रेखाटन करत होते. शिट्टी वाजली तेव्हा अर्धेच झाले होते. त्यांची वही तशीच मिटली. व्यवस्थापकाचा दोष म्हणावा, तर त्याचा हिशेबही खरा : एक माणूस दहा मिनिटे उशिरा आला की सदतीस जणांची मिळून सहा तासांहून अधिक वेळ जाते. अडतीस जणांच्या सहलीत हा पेच पुरता सुटणार नाही. मात्र रोज एक ठिकाण कमी करून एक विसावा वाढवता येईल, आणि त्या विसाव्यावर धरण बांधू नये एवढे पथ्य पाळता येईल.

मी मंडप पाहून होस्पेटला परतलो तेव्हा साडेसहा झाले होते. ताई अडीचला झोपली ती तोवर उठली नव्हती. चहा सांगितला, तेव्हा जागी झाली आणि घाबरून घड्याळ शोधू लागली. मग कोठे आहोत ते ध्यानात येऊन पुन्हा उशीला टेकली. आता तिने केरळच्या सहलीचे पैसे भरले आहेत. त्या बैठकीला मीही गेलो होतो आणि चौथ्या दिवसाची दुपार कृपया भरू नका, असे व्यवस्थापकाला बाजूला घेऊन सांगितले. 'सर, माझी हरकत नाही,' तो म्हणाला, 'पण लोक तक्रार करतात.'