डावी सीडी, उजवी सीडी

21 सप्टेंबर 1999 रोजी नाइन इंच नेल्सचा ‘द फ्रॅजाइल’ अमेरिकेत बाजारात आला, तेव्हा मी क्लीव्हलंडमध्ये एम.एस. करत होतो. या शहराचं आणि या बँडचं नातं जुनं. ट्रेंट रेझ्नर पेनसिल्व्हेनियातल्या मर्सर या लहान गावात आजी-आजोबांकडे वाढला. ऐंशीच्या दशकात तो क्लीव्हलंडला आला आणि राइट ट्रॅक नावाच्या स्टुडिओत साफसफाईपासून पडेल ते काम करू लागला. रात्री स्टुडिओ रिकामा असे तेव्हा तो तिथेच स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करत बसे. त्यातूनच 1988 मध्ये नाइन इंच नेल्स उभं राहिलं. त्यामुळे क्लीव्हलंडच्या मुलांना तो घरचा माणूस वाटे आणि त्याच्या नव्या अल्बमबद्दल प्रत्येकाचं काही ना काही मत असे.

माझा रूममेट ओहायोचाच होता. 1994 चा ‘द डाउनवर्ड स्पायरल’ त्याला तोंडपाठ होता. साडेपाच वर्षं वाट पाहून त्याने नवा अल्बम आणला, आम्ही दोघांनी तो सलग ऐकला आणि संपल्यावर तो म्हणाला, “यात ‘क्लोजर’सारखं एकही गाणं नाही.” त्याची निराशा खरी होती. मी मात्र थकलो होतो आणि तरीही मला तो पुन्हा ऐकायचा होता.

थकणं स्वाभाविक होतं. दोन सीडी, 23 रचना, सुमारे 103 मिनिटं. एका सीडीचं नाव ‘लेफ्ट’, दुसरीचं ‘राइट’. यंत्रांचे लूप, डिस्टॉर्शनने फाटलेल्या गिटार, गोंगाटाच्या भिंती हे इंडस्ट्रियल रॉकचं सगळं सामान त्यात होतंच. पण त्यांच्या शेजारी एकटा पियानो होता, सरोद-सतार ऐकलेल्या कानाला ओळखीची वाटावी अशी तारांची किणकिण होती आणि शब्दच नसलेल्या अनेक रचना होत्या. पहिलं सिंगल म्हणून आलेल्या ‘द डे द वर्ल्ड वेंट अवे’मध्ये तर ड्रम्सच नाहीत. मोडत चाललेला माणूस स्वतःला सांधायचा प्रयत्न करतो आणि पुन्हा मोडतो, एवढंच या अल्बमचं कथानक. ते सावकाश उलगडतं आणि ऐकणाऱ्याकडे वेळ मागतं.

तो वेळ सगळ्यांनी दिला नाही. पहिल्याच आठवड्यात अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि पुढच्याच आठवड्यात सोळाव्या क्रमांकावर घसरला. आमच्या विद्यापीठाच्या परिसरात त्या घसरणीचीच चर्चा जास्त झाली. समीक्षकांचंही एकमत नव्हतं. ‘स्पिन’ मासिकाने त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. पिचफोर्कने 10 पैकी 2.0 गुण दिले. मी ही परीक्षणं मिळतील तिथून वाचत होतो. बहुतेकांच्या तक्रारी दोनच होत्या: अल्बम फार लांब आहे आणि गाण्यांचे शब्द पोरकट आहेत, वहीत लिहिलेल्या कवितांसारखे. ध्वनीची कारागिरी मात्र निंदकांनीही नाकारली नव्हती.

शब्दांबद्दलची तक्रार मला मान्य होती आणि अजूनही आहे. रेझ्नरचा शब्दसंग्रह छोटा आहे. वेदना, पोकळी, कोसळणं याच गोष्टी तो पुन्हापुन्हा सांगतो. पण त्यामुळे अल्बम पडतो, हे मला कधीच पटलं नाही. याचं कारण माझ्या गावात आहे. मी मिरजेचा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी होणाऱ्या संगीतसभेत मी लहानपणापासून रात्र-रात्र बसलोय. तिथे गवई दोन-चार ओळींची बंदिश घेतो. ‘पिया नाही आए’ छापाच्या त्या शब्दांना काव्य म्हणून कोणी गुण देत नाही. तेच शब्द विलंबितात एका अर्थाने येतात, तासाभराने द्रुतात दुसऱ्याच अर्थाने. मधल्या वेळात स्वरांनी जे केलेलं असतं, ते खरं गाणं. ही सवय घेऊन मी ‘द फ्रॅजाइल’कडे गेलो, तेव्हा तोकडे शब्द मला अडले नाहीत. स्वरवाक्यं कुठे जातात, याकडेच माझं लक्ष गेलं.

आणि ती खरोखर प्रवास करतात. ‘द फ्रेल’ ही पियानोची जेमतेम दोन मिनिटांची रचना. तिची धून पुढे शीर्षकगीतात परत येते, या वेळी गिटारवर, मोठी होऊन, भरवसा देत. डाव्या सीडीच्या शेवटाकडे ‘ला मेर’ येते. रेझ्नरने ती कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, बिग सर इथे रचली. तिचा संथ पियानो समुद्रासारखा हेलकावतो, त्यावर एक स्त्री क्रिओल भाषेत काही ओळी कुजबुजते. उजव्या सीडीवरच्या ‘इंटू द व्हॉइड’मध्ये तीच धून पुन्हा भेटते, पण आता ती नाचऱ्या ठेक्याला जुंपलेली असते आणि समुद्राची शांतता हरवलेली असते. मी हे रूममेटला दोन्ही रचना एकामागोमाग लावून ऐकवलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे कुणी का लिहिलं नाही?”

लिहिणाऱ्यांची अडचण मला समजते. एवढा अल्बम ऐकून ठरलेल्या दिवशी मत द्यायचं, तर शब्द आणि ठळक गाणी हेच हाताला लागतं. खुद्द रेझ्नर आणि सहनिर्माता ॲलन मोल्डर यांनाही न्यू ऑर्लीन्सच्या स्टुडिओत साठलेल्या एवढ्या सामग्रीचा क्रम लागत नव्हता. शेवटी त्यांनी पिंक फ्लॉइडच्या ‘द वॉल’चा निर्माता बॉब एझ्रिन याला बोलावलं आणि रचनांचा क्रम त्याच्या मदतीने ठरला. घडवणाऱ्यांना ज्याचा आकार सापडायला इतका वेळ लागला, तो परीक्षण करणाऱ्याला एका बैठकीत सापडावा ही अपेक्षाच जास्तीची.

एप्रिल 2000 मध्ये बँड दौऱ्यावर क्लीव्हलंडला आला. आम्ही दोघंही गेलो. सुरुवातीला गर्दी जुन्या, धडकी भरवणाऱ्या गाण्यांवर उसळत होती. मग मधल्या टप्प्यात वेग उतरला, व्हिडिओ-कलावंत बिल व्हायोलाने या दौऱ्यासाठी केलेली पाण्याची दृश्यं मागच्या तीन पडद्यांवर उमटली आणि ‘ला मेर’, ‘द ग्रेट बिलो’ सुरू झालं. उड्या मारणारी हजारो माणसं उभ्या जागी थांबली. माझ्या शेजारचा एक दणकट तरुण डोळे मिटून ऐकत होता. कोणी ‘क्लोजर’ची मागणी केली नाही. या अल्बमबद्दल श्रोत्यांचं मत काय, हे मला त्या काही मिनिटांत जेवढं स्वच्छ कळलं, तेवढं कुठल्याच यादीतून कळलं नव्हतं.

म्हणून मी तो निर्दोष मानतो असं नाही. उजवी सीडी मधे सैल पडते. प्रसिद्धीच्या हावेवर तुटून पडणारं गाणं कथानकात उपरं वाटतं; ‘प्लीज’ आणि ‘कॉम्प्लिकेशन’ काढले तर शेवटची ‘राइप’ अधिक खोल लागेल, असं मला वाटतं. रूममेटशी या मुद्द्यावर माझं अजूनही पटत नाही. ज्या अल्बमने त्याला पहिल्या रात्री निराश केलं, त्यातली आता एकही रचना तो काढू देत नाही. मोडलेल्या माणसाची गोष्ट नीटनेटकी कशी असेल, असा त्याचा सवाल असतो.

2017 मध्ये पिचफोर्कने याच अल्बमचं नव्याने परीक्षण केलं आणि 8.7 गुण दिले. दरम्यान रेझ्नरने ॲटिकस रॉसबरोबर ‘द सोशल नेटवर्क’च्या पार्श्वसंगीतासाठी ऑस्कर मिळवलं होतं. शब्दांवाचून, पियानोच्या मोजक्या स्वरांना यंत्रांच्या घरघरीत ठेवून गोष्ट सांगायची ती पद्धत ‘द फ्रॅजाइल’मध्येच तयार झाली होती, चित्रपट पाहताना मला ती लगेच ओळखू आली. 1999 च्या समीक्षकासमोर हा पुढचा रस्ता नव्हता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. पण 2.0 चा 8.7 झाला तो नुसत्या काळाने नाही. मधल्या वर्षांत लाखो माणसं हा अल्बम ऐकत राहिली, त्यातले दुवे एकमेकांना दाखवत राहिली आणि जड काळातून जाताना त्याला धरून राहिली. समीक्षकाने बदललेल्या आकड्यामागे त्यांचं ऐकणं आहे.

आज कोणी मला विचारलं की हा अल्बम कसा ऐकावा, तर मी सांगतो: हेडफोन लावा, शब्दांची पुस्तिका बाजूला ठेवा, पहिल्या दिवशी फक्त डावी सीडी ऐका. उजवी दुसऱ्या दिवशी. परीक्षणं त्यानंतर वाचा, आणि दोन्ही वाचा, 1999 चंही आणि 2017 चंही. दोघांनी जे ऐकलं ते त्या अल्बममध्ये आहेच. त्यापलीकडचं तुम्हाला काही सापडलं, तर ते कोणाला तरी लावून दाखवा.