सत्त्याऐंशीवा हिस्सा

पेन्शन घेतलेल्या मनुष्याने पुढे काय करावे, याविषयी शेजाऱ्यापाजाऱ्यांची मते ठरलेली असतात. त्याने सकाळी मेहरूणच्या तलावाकडे फिरावयास जावे, दुपारी वर्तमानपत्राचा कोपरान् कोपरा वाचावा, सायंकाळी नातवंडांस गोष्टी सांगाव्या आणि सवड काढून एखादी मोठी यात्रा उरकावी, म्हणजे त्याचे यथासांग चालले आहे अशी सर्वांची खात्री पटते. आमच्याविषयीही जळगावातील आमच्या गल्लीचा असाच समज होता. परंतु सदुसष्टाव्या वर्षी आम्ही गच्चीवरील खोली रिकामी करविली, तिच्या भिंती टेपाने मापल्या आणि तेथे आगगाडीचा नमुना उभारण्याचा संकल्प सोडला, तेव्हा शेजारच्या वकीलसाहेबांनी प्रथम आमच्या प्रकृतीची चौकशी केली. नंतर हळूच, 'नातवासाठी ना?' असे विचारून आम्हांस निसटण्यास एक वाट ठेवली. वाट सोयीची होती, पण आम्ही ती घेतली नाही. गाडी आमच्यासाठीच होती.

खेळण्यातली गाडी आणि नमुन्याची गाडी यांत अंतर आहे, ते येथेच सांगून टाकावयास हवे. खेळण्यात गाडी धावली म्हणजे झाले. ती पलंगाखालून गेली काय अगर पाटावरून गेली काय, मुलास दोन्ही सारखेच. नमुन्यात मात्र इंजिनापासून फलाटावरील बाकापर्यंत आणि बाकावर डुलक्या घेणाऱ्या उतारूपर्यंत प्रत्येक वस्तू एकाच मापाने लहान करावी लागते. या छंदात सर्वांत अधिक चालणारे माप 'एच्-ओ' म्हणून ओळखले जाते. त्यात प्रत्येक वस्तू मुळाच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढी असते. साडेपाच फुटांचा स्टेशनमास्तर त्यात दोन सेंटिमीटरांहूनही किंचित कमी भरतो. मोठ्या हुद्द्याची माणसे अशी तळहातावर घेऊन पाहण्यात जो आनंद आहे, तो आयुष्यभर हाताखाली राबलेल्या मनुष्यास समजावून सांगण्याची गरज नाही.

हा छंद साहेबाचा, आपल्याकडे तो रुजावयाचा नाही, असे म्हणणारांनी पुण्यास कर्वे रस्त्याने कोथरुडाकडे जावे. तेथे भाऊ जोशी यांनी १९९८ साली आपले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय लोकांस खुले केले. रूळ, सिग्नल, पूल, रस्ते, दिवे, सर्कस असे एक सबंध शहरच एका दालनात मांडलेले तेथे पाहावयास मिळते. आम्ही ते पाहिले तेव्हा आमच्या पोटात प्रथम कालवले आणि मग तेथे आशा उत्पन्न झाली. कालवले ते अशासाठी, की इतके आपल्या हातून व्हावयाचे नाही हे स्पष्ट दिसले. आणि आशा अशासाठी, की मराठी मनुष्याने मनावर घेतले म्हणजे काय होते, तेही दिसले.

परत आल्यावर जो पहिला नकाशा आम्ही काढला, तो आता पाहिला म्हणजे चक्रवर्ती राजाच्या दरबारातून आल्यासारखा वाटतो. त्यात भुसावळचे यार्ड होते, जळगावचे जंक्शन होते, सुरतेकडे जाणारा ताप्तीकाठचा फाटा होता, सावदा-निंभोऱ्याहून दिल्लीस जाणारी केळीची मालगाडी होती, आणि चाळीसगावाहून फुटणारी धुळ्याची शाखाही होती. खोली चौदा फूट बाय दहा फुटांची. आता हिशेब पाहा. जुना प्रवासी डबा सुमारे एकवीस मीटर लांबीचा. त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा साडेचोवीस सेंटिमीटर. अठरा डब्यांची मेल गाडी जोडली तर इंजिनावाचूनच ती साडेचौदा फूट होते. म्हणजे आमच्या सर्वांत लांब भिंतीशी गाडी उभी केली असता गार्डाचा डबा जिन्यात राहणार! त्यातून दोन रूळ एकमेकांवरून न्यावयाचे तर वरचा आठ सेंटिमीटर तरी उचलावा लागतो, आणि शेकडा दोनच्या चढाने तेवढे चढावयास चार मीटर लागतात. राजधान्या कागदावर वसविणे सोपे असते, परंतु कागदास जिना नसतो.

या छंदातील एका थोर पुरुषाची कथा आम्हांस याच सुमारास वाचावयास मिळाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन अ‍ॅलन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी घराच्या तळघरात जमिनीपासून छतापर्यंत पोचणारे पर्वत, दऱ्या आणि पूल उभारले, व त्यांतून जाणारी रेल्वे जवळजवळ वीस वर्षे वाढवीत नेली. १९७३ च्या जानेवारीत ते वारले, तेव्हाही ती पुरी झालेली नव्हती. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत आगीने ती नष्ट झाली. तरुणाने ही कथा वाचली तर त्यास वीस वर्षांच्या तपश्चर्येचे कौतुक वाटेल. आमची नजर मात्र 'वीस' या आकड्यावर खिळली. आमच्यापाशी वीस वर्षे आहेत काय? असतीलही, पण त्यांतील किती वर्षे हात स्थिर राहील आणि बारीक स्क्रूचा माथा दिसेल? चाळिशीत घेतलेला चष्मा आता दोनदा बदलला आहे. तेव्हा पाच वर्षांत पुरे होईल तेवढेच हाती घ्यावयाचे, असे आम्ही ठरविले. आणि त्याच दिवशी भुसावळ, जळगाव व सुरतेचा फाटा ही तिन्ही संस्थाने खालसा झाली.

वयाने आणखीही काही अटी घातल्या. पुष्कळ नकाशांत टेबल खोलीभर पसरलेले असून मध्ये उभे राहण्यास एक भोक असते, व त्यात टेबलाखालून रांगत जावयाचे असते. आमच्या गुडघ्यांनी या सूचनेवर विचार करण्याचेही नाकारले. म्हणून रूळ भिंतीच्या कडेने, फळीवर. फळीची रुंदी दोन फुटांहून अधिक नाही, कारण हात तेवढाच पोचतो. आणि विजेच्या तारा खालून न जोडता पुढील कडेने, खुर्चीवर बसल्या बसल्या जोडता येतील अशा. रूळ वर्तुळाकार नकोत, हेही ओघानेच आले. वर्तुळात गाडी अखंड धावते हे खरे, परंतु ती जाते कोठे? आमच्या खानदेशातल्या ज्या गाड्यांवर आमचा जीव, त्या शेवटच्या स्टेशनात जाऊन थांबत. इंजिन सुटे होऊन दुसऱ्या टोकास लागे, तोवर उतारू चहा घेत, आणि मग गाडी आल्या वाटेने परत निघे. हा सगळा सोहळा वर्तुळात हरवतो.

आता प्रश्न उरला, तो कोणते टोक घ्यावयाचे हा. आणि येथे घरात दोन पक्ष पडले.

आमच्या सौभाग्यवतींचे माहेर धुळे. चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० साली सुरू झाला. जामदा, राजमाने, मोरदड तांडा, शिरूड, बोरविहीर ही त्याची स्टेशने त्यांना जपमाळेसारखी पाठ आहेत, आणि 'मोहाडी प्रगणे लळिंग' हे भारदस्त नाव तर त्या अशा थाटाने उच्चारतात, की जणू ते स्टेशन त्यांस आंदणच मिळाले होते. आमचे बालपण जामनेरास गेले. पाचोऱ्याहून जामनेरास जाणारी नॅरोगेज गाडी पहिले महायुद्ध संपता संपता, मुख्यतः या भागातील कापसाच्या आशेने सुरू झाली. लोकांच्या तोंडी ती नुसती 'पीजे'. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर अशी थांबत थांबत ती दोन तासांहून अधिक वेळ घेई. गंमत अशी, की दोन्ही फाटे छप्पन्न किलोमीटरांच्या आसपासचेच. म्हणून लांबीच्या मुद्द्यावर कोणासच जय मिळण्याजोगा नव्हता.

आम्ही गणिताची बाजू मांडली. एच्-ओचा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा असतो. विलायतेतील रुळाशी तो बरोबर जुळतो, पण आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरांचे. त्याचा सत्त्याऐंशीवा हिस्सा सव्वाएकोणीस होतो. म्हणजे बाजारच्या रुळावर धुळ्याची गाडी ठेवली, तर एखाद्या धिप्पाड गृहस्थाने पाय जुळवून सावधान उभे राहावे तशी ती दिसणार. उलट नॅरोगेज ७६२ मिलिमीटरांचे. भाग देऊन पाहा, पावणेनऊ येतात. आणि याहून लहान मापाच्या गाड्यांसाठी नऊ मिलिमीटरांचा रूळ बाजारात तयारच मिळतो. पाव मिलिमीटराची चूक तर आमच्या चष्म्यास दिसतही नाही. शिवाय पीजेचे डबे आखूड आणि थोडे, वळणे तीव्र चालतात, आणि इंजिनाच्या सांगाड्यासाठी त्या लहान मापाच्या गाड्यांचा सांगाडा घेऊन वरचा साज घरी चढविता येतो.

सौभाग्यवतींनी हे सर्व भाजी निवडीत ऐकून घेतले. मग म्हणाल्या, 'अहो, एवढी गणिते कशाला? धुळ्याला आपण उद्या सकाळी निघालो तर दुपारी जेवायला दादाकडे असू. जामनेरला गाडीने तुम्हांला कोण नेणार आहे?'

यावर आम्हांस काही बोलता आले नाही. पीजे २०२० च्या मार्चमध्ये साथीच्या दिवसांत थांबली, ती पुन्हा सुटलीच नाही. तिच्या जागी रुंद रूळ घालून तो पुढे बोदवडपर्यंत नेण्याची योजना मंजूर झाली आहे. योजना चांगली आहे; ज्यास रोज पाचोऱ्यास नोकरीला जावयाचे आहे, त्याने आमच्या आठवणींसाठी दोन तास डुगडुगत का बसावे? रुंद रूळ यावा, हेच आमचेही मत आहे. परंतु तो येईल तेव्हा तो दुसऱ्याच गाडीचा असेल. धुळ्याचेही पुष्कळसे तसेच होणार. आता तेथील गाडी विजेवर धावते, आणि मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरांच्या मार्गास २०२४ साली केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. तो पुरा झाला म्हणजे सव्वाशे वर्षे जे टोक होते, ते वाटेवरचे एक गाव होईल. हे आम्ही सौभाग्यवतींस सांगितले तेव्हा त्या भाजीची जुडी तशीच हातात धरून क्षणभर थांबल्या. पण दिलेला शब्द त्यांनी परत घेतला नाही.

पीजे ठरली तरी हिशेब सुटेना. लांब भिंत चौदा फूट आणि आडवी दहा, मिळून चोवीस फूट रूळ. त्याला सत्त्याऐंशीने गुणले तर मुळातील सहाशे छत्तीस मीटर भरतात. छप्पन्न किलोमीटरांत असे तुकडे अठ्ठ्याऐंशी! म्हणजे प्रत्येक वस्तू एकदा सत्त्याऐंशीने भागल्यावर सबंध रस्ता पुन्हा अठ्ठ्याऐंशीने भागावयाचा. पहिला भागाकार पट्टी करते. हा दुसरा कोणी करावयाचा? येथे खडी, रूळ आणि पूल यांचे ज्ञान काही कामास येत नाही. काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे, एवढेच ठरवावयाचे असते, आणि ते ठरविताना आम्ही तीन महिने घालविले. पाचोरा हवेच, कारण तेथे मोठ्या रुळावरची मेल धडधडत निघून जाई आणि तिच्याकडे न पाहता आमची गाडी आपल्या फलाटाशी शांत उभी असे. जामनेर हवेच. मध्ये एकच स्टेशन बसते. पहुरास आमची मावशी राहत असे. तिच्या घरी उतरावयाचे म्हणून आम्ही खिडकीची जागा सोडून दारात उभे राहात असू. पण पहूर घेतले तर शेंदुर्णी जाते, आणि शेंदुर्णीस त्रिविक्रमाच्या यात्रेची गर्दी गाडीच्या पायऱ्यांवर लोंबकळे. चार वेळा पहूर पुसले आणि चार वेळा लिहिले. अखेर शेंदुर्णी राहिली. मावशीस जाऊन तीस वर्षे झाली. तरी तिच्या गावावरून रबर फिरविताना हात जड झाला, हे लपवीत नाही.

बाकीचे काम त्यामानाने सुखाचे आहे. जमिनीसाठी शेतातली काळी माती वस्त्रगाळ करून ठेवली आहे. विकतचे कोणतेही चूर्ण तिच्या रंगास पोचत नाही. पऱ्हाटीच्या शेंड्यांची बाभळीची झाडे इतकी हुबेहूब होतात, की खानदेशाने हा छंद आधीच कसा काढला नाही याचे नवल वाटते. केळीचे झाड साडेतीन सेंटिमीटरांचे. हिरव्या कागदाची पाने कापून, ती वाऱ्याने फाटलेली दिसावीत म्हणून कडेला कात्रीने चिरा द्यावयाच्या. हे काम नातवाने आपणहून घेतले असून आजवर एकशे दहा झाडे झाली आहेत. आमच्या नकाशात चाळीसांचीच बाग होती. ती आता वाढवावी लागणार.

चिंता आहे ती उन्हाची. गच्चीवरील खोलीत मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो आणि पौषातल्या पहाटे दहावर येतो. एवढ्या फरकाने चार मीटर रूळ दोन मिलिमीटरांहून अधिक लांबतो. सांधे घट्ट बसविले तर पहिल्याच उन्हाळ्यात रुळाची कमान व्हावयाची. मोठ्या रेल्वेनेही सांध्यांत फट ठेवण्याची युक्ती याच कारणाने काढली. आम्हीही प्रत्येक सांध्यात पोस्टकार्डाच्या जाडीची फट ठेवणार आहोत. लाकूड पावसाळ्यात फुगते, त्यास मात्र युक्ती नाही. चांगले प्लायवुड घेऊन सर्व बाजूंनी रंग देणे, एवढेच हाती आहे.

परवा सुतार माप घ्यावयास आला. फळीची उंची किती, असे त्याने विचारले. आम्ही खुर्चीवर बसलो म्हणजे डोळे फलाटाच्या पातळीत यावेत. त्या हिशेबाने चव्वेचाळीस इंच होतात. नातवाची उंची तेवढीच. सुतार म्हणाला, 'नाना, पोराला स्टूल द्या. पोरगं वाढेल, तुम्ही काही वाढणार नाही.' त्याने कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर खूण केली. आखाजी झाली म्हणजे तो कामास लागेल. दारापलीकडची पाच फूट भिंत मोकळी राहते. तिचे काय करावयाचे, असे त्याने जाता जाता विचारले, तेव्हा आमच्या आधी आतूनच उत्तर आले, की तिला हात लावावयाचा नाही, ती धुळ्याची आहे.